पुस्तक चावणारं लेकरू

वस्तीत घरभेटीला गेलं की आया वजनाचं विचारतात, लसीचं विचारतात, जुलाब-खोकल्याचं विचारतात. या पावसाळ्यात मात्र एक वेगळाच प्रश्न तीन-चार घरांतून आला. ‘ताई, पोरगं दीड वर्षाचं आहे. खेळणं दिलं तर फेकून देतं, पण थोरलीचं पुस्तक दिसलं की झडप घालतं. मांडीवर आणून आपटतं, “हे, हे” करतं. रोज तेच पुस्तक, तेच पान. दोन फाडली, एक चावून टाकलं. एवढ्या लहान वयात पुस्तकाचा नाद बरा का? डोळे तर खराब होणार नाहीत?’ एका घरी आजींनी पोराला नजर लागेल म्हणून काजळाचं बोट मोठं केलं होतं. (बाळाला काजळ लावूच नका. काही काजळांत शिसं सापडलेलं आहे.)

उत्तर आधी देते, कारण वेगळं मग सांगते. पुस्तक बघून डोळे खराब होत नाहीत. हा नाद चांगला आहे, आणि ज्या लेकराला तो नाही त्याला लावण्यासारखा आहे. फाडणं आणि चावणं हा त्याचाच भाग आहे.

कुणी म्हणेल, हा विषय शिक्षणाच्या पानाचा, आरोग्याच्या पानावर कशाला? तर बालरोगतज्ज्ञ आता याला तब्येतीचाच भाग मानतात. अमेरिकेत बॉस्टनमधल्या एका रुग्णालयात १९८९ साली डॉक्टरांनी तपासणीला येणाऱ्या लेकरांना औषधासोबत पुस्तक द्यायला सुरुवात केली. तिथे येणारी बहुतेक घरं गरीब होती. ‘रीच आउट अँड रीड’ या नावाने ते काम पुढे देशभर पसरलं. २०१४ साली तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ठरवून सांगितलं की बाळ तान्हं असल्यापासून त्याला वाचून दाखवा, हा सल्ला डॉक्टरांनीच आईबापाला द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी झोप, खेळ आणि बसून राहण्याचे नियम काढले. त्यातही लिहिलं आहे की लेकरू बसलेलं असेल तेव्हा मोठ्या माणसाने त्याला गोष्ट सांगावी, पुस्तक दाखवावं.

कारण असं. आईच्या पोटात सहाव्या-सातव्या महिन्यापासूनच बाळाला आवाज ऐकू येतात. जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूच्या पेशींमध्ये दर सेकंदाला १० लाखांहून जास्त नव्या जोडण्या होतात. ज्या जोडण्या वापरात येतात त्या पक्क्या होतात, ज्या वापरात येत नाहीत त्या गळून जातात. बोलण्याच्या जोडण्या पक्क्या होतात त्या बोलण्याने, आणि तेही लेकराकडे बघून, त्याच्या ‘ऊं’ला ‘हो का रे’ असं उत्तर देऊन केलेल्या बोलण्याने.

आता इथे एका जुन्या अभ्यासाबद्दल बोलावंच लागेल, कारण त्याच्या नावाखाली आपल्या आयांना फार ऐकून घ्यावं लागतं. अमेरिकेत कॅन्सस भागात हार्ट आणि रिस्ले या दोघांनी ४२ कुटुंबांचा अभ्यास केला आणि १९९५ साली पुस्तक लिहिलं. गरीब घरातलं लेकरू शाळेत जायच्या आतच श्रीमंत घरातल्या लेकरापेक्षा ३ कोटी शब्द कमी ऐकतं, असा त्यांचा हिशेब. ‘३ कोटी शब्दांची दरी’ हे वाक्य जगभर गेलं. आपल्याकडेही प्रशिक्षणात ते ऐकवतात आणि खालचा सूर असा असतो की झोपडपट्टीतल्या आईला बोलताच येत नाही. पुढे दुसऱ्या संशोधकांनी ते तपासलं. सगळ्या गरीब घरांत कमी बोललं जातं असं त्यांना आढळलं नाही. घराघरांत फार फरक होता, आणि लेकराच्या आजूबाजूला वावरणाऱ्या आजी, मावशी, भावंडं यांचं बोलणं धरलं तर ती दरी तशी राहतच नव्हती. ४२ घरांवरून एका अख्ख्या वर्गाला मुकं ठरवणं मला पटत नाही. ज्याने वस्तीतली एक दुपार ऐकली आहे त्यालाही ते पटणार नाही.

पण त्याच विषयावरचा दुसरा एक अभ्यास मला आपल्या कामाचा वाटतो. २०१३ साली कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या कष्टकरी घरांतल्या दीड वर्षाच्या आसपासच्या लेकरांना दिवसभर छोटा रेकॉर्डर लावला गेला. सगळी घरं गरीबच. तरी एका लेकराशी दिवसभरात १२ हजारांवर शब्द बोलले गेले, तर दुसऱ्याशी फक्त ६७०. ज्या लेकरांशी थेट बोललं गेलं त्यांना दोन वर्षांचं होईपर्यंत जास्त शब्द येऊ लागले. कानावर नुसतं पडलेलं बोलणं, म्हणजे मोठ्यांच्या आपसातल्या गप्पा, तेवढे कामी आले नाहीत. म्हणजे फरक पैशाचा नव्हता. लेकराशी बोलण्याचा होता.

आता आपल्या घरात बघा. आई सकाळी चार घरची भांडी करून येते, बाप नाक्यावर, आजी चुलीपाशी किंवा स्टोव्हपाशी. दमलेलं माणूस लेकराशी काय बोलतं? ‘इकडे ये. तिकडे जाऊ नको. खा. झोप.’ ही सगळी हुकमाची वाक्यं. यात आईचा दोष नाही, अंगात त्राणच राहत नाही. अशा वेळी पुस्तक उपयोगी पडतं, कारण काय बोलायचं ते सुचवण्याचं काम ते करतं. पानावर हत्ती असला की हत्तीबद्दल बोललं जातं. आपल्या गल्लीत हत्ती येत नाही. समुद्र, डोंगर, बर्फ, जिराफ, विमानाचं आतलं दार असे शब्द घरच्या रोजच्या बोलण्यात कधी येणारच नाहीत. ते पुस्तकातून येतात.

वाचता येत नसेल तरी चालेल

मांडीवर घ्या. पुस्तक दोघांना दिसेल असं धरा. दीड वर्षाच्या लेकराला गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायची नसते. त्याचं बोट जिथे पडेल तिथे थांबायचं. त्याने कुत्र्यावर बोट ठेवलं की म्हणा, ‘कुत्रा.’ मग थांबा. मनात पाचपर्यंत मोजा. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे, आणि आपण मोठी माणसं नेमकं तिथेच घाई करतो. लहान लेकराला ऐकलेलं समजून तोंडातून आवाज काढायला वेळ लागतो. त्याने ‘भू’ म्हटलं की तुम्ही पुढे न्या. ‘हो, भू-भू. काळा कुत्रा. शेपटी हलवतोय.’ त्याच्या एका शब्दात तुम्ही दोन घातलेत. एवढंच करायचं.

परीक्षा घेऊ नका. ‘हे काय? ते काय? सांग ना, कालच सांगितलं होतं!’ असं सुरू झालं की लेकरू मांडीवरून उतरून जातं, आणि बरोबर करतं.

दोन-तीन मिनिटांत ते उठून गेलं तर जाऊ द्या. पुस्तक उलटं धरलं तर धरू द्या. एकदम चार पानं उलटली तर तुम्हीही तिथे जा. रोज तेच पुस्तक मागत असेल तर तेच द्या. तुम्हाला कंटाळा येईल, त्याला येत नाही. प्रत्येक वेळी त्याला त्यात काहीतरी आणखी कळत असतं, आणि पुढचं पान कोणतं येणार हे आधीच माहीत असण्याचा त्याला आनंद असतो. एवढ्याशा जिवाला या जगात आधीच माहीत असलेल्या गोष्टी किती असतात?

आजींना वाचता येत नाही म्हणून त्या मागे सरकतात. ‘मला काय कळतंय, तुझ्या आईला येऊ दे.’ आजी, तुम्हीच सगळ्यात जास्त वेळ घरात असता. अक्षर लेकरालाही येत नाही, तुम्हालाही येत नाही. चित्र दोघांना दिसतं. चित्रातली बाई पाणी भरतेय, तर तुम्ही कुठल्या विहिरीवर, किती कोसावर पाणी भरायला जायच्या ते सांगा. त्याला अर्धं कळणार नाही, पण आवाज कळेल, तोंड कळेल, हात कळतील.

आणि हे सांगताना तुमची भाषा बदलू नका. पुस्तकात ‘मुलगा’ छापलं असेल आणि आजी विदर्भाच्या असतील तर त्या ‘पोट्टं’ म्हणतील, ‘कुत्रं पाहून राहिलं’ म्हणतील. म्हणू द्या. मराठवाड्याच्या असतील तर लेकराला तिथले शब्द मिळू द्या. पुढे शाळेत कुणी बाई ‘शुद्ध बोल’ म्हणून आपल्या पोराला गप्प बसवतील, तेव्हाचं तेव्हा बघू. तीन वर्षांच्या आत त्याला भरपूर बोलायला मिळालं तर ते शाळेची बोलीही लवकर उचलतं. ज्याला घरीच गप्प बसवलं त्याला दोन्ही जड जातात.

बापांनाही सांगायचं आहे. रात्री दहा मिनिटं लेकराला मांडीवर घेऊन पान उलटणं हे ‘बाईचं काम’ नाही. ज्या घरांत बाप हे करतो तिथे लेकरू संध्याकाळी दारात पुस्तक घेऊन उभं राहतं, हे मी पाहिलं आहे.

फळीवरची पुस्तकं

आपल्या घरांत पुस्तकाला मान आहे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली फळी, फळीवर शासनाने छापलेले त्यांचे लेखन आणि भाषणांचे जाड खंड, वर प्लास्टिकची पिशवी घातलेली. लेकराने हात लावला की सगळे ओरडतात. तो मान मला कळतो. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं तेव्हा पुस्तकांना जागा हवी हे मनात ठेवून बांधलं, हे आपण पोरांना सांगतोच. पण त्याआधीचं लक्षात घ्या. परळच्या चाळीत एका खोलीत राहत असताना सुभेदार रामजी मुलाने मागितलेलं पुस्तक आणून द्यायचे. हाताशी पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन उसने घ्यायचे, दागिना गहाण ठेवायचे. ती पुस्तकं हाताळायला होती.

म्हणून घरात दोन जागा करा. खंड फळीवरच राहू द्या. लेकराची पुस्तकं जमिनीवर, त्याच्या हाताला येतील अशी. बिस्किटाचं रिकामं खोकं, नाहीतर भाजीची जुनी टोपली चालेल. चार पुस्तकं त्यात. त्याने ती काढावीत, पसरावीत, चावावीत. एक वर्षाच्या लेकरासाठी तोंड हाही डोळ्यासारखाच अवयव आहे, वस्तू कळून घेण्याचा. फाटलं तर त्याच्यासमोर चिकटपट्टी लावा, त्याला धरायला द्या. दोन वर्षांनंतर फाडणं आपोआप कमी होतं. पुस्तकासाठी लेकराला मारू नका. पुस्तक म्हटलं की पाठीत धपाटा आठवावा, असं आपल्याला नको.

चावतं म्हणून काही खबरदारी मात्र घ्या. पातळ पुस्तकाच्या मधल्या पिना काढून टाका आणि तिथे जाड दोऱ्याने टाका घाला. पिन गिळली तर मोठं संकट होतं. रद्दीचा कागद चावायला देऊ नका. वर्तमानपत्राच्या शाईत शिशासारखे घातक पदार्थ असू शकतात, म्हणून त्यात खाण्याचे पदार्थ बांधू नयेत असं अन्नसुरक्षा प्राधिकरण वारंवार सांगतं. वडापावाचा कागद जसा वाईट तसाच हाही. चमकी, मणी, सुटे डोळे चिकटवलेली बाजारातली पुस्तकं तीन वर्षांच्या आत नकोतच.

कुठून आणायची, काय आणायचं

विकत घ्यायची तर मोठी, महाग, इंग्रजी अक्षरांची पुस्तकं घेऊ नका. नाक्यावर मिळणाऱ्या ‘ए फॉर ॲपल’च्या तक्त्यात चित्रं दाटीवाटीने असतात आणि गोष्ट काहीच नसते. दीड-दोन वर्षांच्या लेकराला एका पानावर एक मोठं चित्र लागतं, ओळखीचं. ताट, चप्पल, मांजर, बाळ. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला मराठीत आहे आणि स्वस्त आहे. प्रथम बुक्सची पुस्तकंही परवडतात. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ ही पुस्तकं दोन-अडीच वर्षांच्या पोरांना फार आवडतात, कारण त्यात घरातलीच माणसं आहेत, आई, बाबा, आजी-आजोबा. त्यांचंच ‘चित्रवाचन’ जरा मोठ्या मुलांसाठी. एक तक्रार मात्र करते. या पुस्तकांतली घरं बहुतेक वेळा मोठी असतात, खिडकीत कुंड्या असतात. पत्र्याचं घर, सार्वजनिक नळ, गल्लीतला विहार दाखवणारी बालपुस्तकं शोधावी लागतात. आपल्या लेखकांनी आणि चित्रकारांनी इकडे बघायला हवं. तान्ह्या लेकरासाठी लिहिणं हे कमी दर्जाचं काम नाही.

प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ म्हणून इंटरनेटवर भांडार आहे, २०१५ पासून. मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, उतरवून घेता येतात आणि छापायला परवानगी आहे. झेरॉक्सच्या दुकानात काळी-पांढरी प्रत काढा, पुठ्ठ्यावर चिकटवा. लेकराला रंग नसल्याचं काही वाटत नाही. थोरल्या भावंडांना रंग भरायला द्या.

आणि सगळ्यात चांगलं पुस्तक घरी बनतं. किराणा दुकानातून जाड खोकं आणा, तळहाताएवढे सहा-आठ तुकडे कापा. एकेका तुकड्यावर घरच्या माणसाचा फोटो लावा. आई, बाबा, आजी, गावचा काका, शेजारची मावशी, गल्लीतलं कुत्रं. फोटो नसेल तर जुन्या कॅलेंडरवरचं चित्र, साबणाच्या वेष्टणावरचं चित्र, लग्नपत्रिकेतली फुलं. चारही बाजूंनी रुंद चिकटपट्टी मारा म्हणजे लाळेने भिजणार नाही. भोकं पाडून जुन्या साडीच्या पट्टीने बांधा. गाठ आखूड ठेवा, दोरा लोंबकळला तर गळ्यात अडकतो. असं पुस्तक लेकरू झोपतानाही सोडत नाही.

गोधडी शिवणाऱ्या बायांना तर याहून सोपं आहे. जुन्या चादरीची पानं, त्यावर आजोबांच्या सदऱ्याचा तुकडा, आजीच्या लुगड्याचा काठ, बाबांच्या पँटचा खिसा, खिशात बोट घालायला मिळतं. मळलं की धुवायचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी पाड्यांतल्या मुलांची बालवाडी चालवली ती शिंपले, पानं, बिया अशा भोवतालच्या वस्तूंवरच. महाग साधन नाही म्हणून शिक्षण अडलं नाही.

मोबाईलचं काय

पुस्तकाचा प्रश्न विचारणाऱ्या दोन घरांत जेवताना मोबाईल लावलेला होता. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते: दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त १ तास, तोही जितका कमी तितका बरा. ‘ताई, त्यातही गाणी असतात, प्राणी असतात, पोरगं बोलायला शिकतं.’ त्यातला प्राणी तुमच्या लेकराने ‘हे’ म्हटलं तर थांबत नाही. पाच मोजेपर्यंत वाट बघत नाही. तो पुढे पळतो. बोलणं शिकायला समोरचा थांबावा लागतो.

मला माहीत आहे की एका खोलीत स्टोव्ह पेटलेला असताना पळणारं लेकरू भाजण्यापेक्षा मोबाईलपुढे बसलेलं बरं, असं आईला वाटतं. त्या अर्ध्या तासाबद्दल मी कुणाला बोलणार नाही. पण जेवण आणि झोप या दोन वेळा मोबाईलच्या ताब्यात देऊ नका. झोपताना मोबाईलऐवजी पुस्तक, हा एकच बदल महिनाभर करून बघा.

डोळ्यांचं म्हणाल तर जवळचं कमी आणि लांबचं जास्त दिसायला लेकरू रोज उजेडात बाहेर खेळायला हवं. बाहेर जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांना लांबचं न दिसण्याचा चष्मा लागण्याचं प्रमाण कमी असतं. घरात उजेड कमी असेल तर दिवसा दारात बसून पुस्तक दाखवा.

हे दिसलं तर थांबू नका

आता परिचारिका म्हणून सांगायचं ते. पुस्तक हे तपासायचं साधनही आहे. लेकरू पुस्तक अगदी नाकाला लावून बघतं, मान वाकडी करून बघतं, एक डोळा तिरळा जातो, किंवा फोटोत बुबुळाच्या मध्ये पांढरी चकाकी दिसते, तर लगेच डोळ्याच्या डॉक्टरांकडे. पांढऱ्या चकाकीला एक दिवसही थांबू नका.

मागून नाव घेतलं तर वळत नाही, ओठ बघितल्याशिवाय समजत नाही, कान फुटून वाहतो, तर कान तपासा. कानात तेल, लसणाचा रस घालू नका. ऐकूच कमी येत असेल तर कितीही पुस्तकं दाखवून बोलणं येणार नाही.

दीड वर्षापर्यंत हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘आई पाणी’, ‘बाबा गेले’ असे दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द बोलणं बंद झालं, तर ‘याचा बापही उशिरा बोलला होता’ म्हणून वाट बघू नका.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. काही लेकरं तासन् तास एकटी पुस्तकाची पानं उलटत बसतात. दोन वर्षांची असताना आकडे, अक्षरं घडाघडा म्हणतात. घरचे कौतुक करतात, ‘हुशार आहे, कलेक्टर होणार.’ पण ते पुस्तक तुमच्याकडे आणून दाखवत नाही, चित्र बघून तुमच्या तोंडाकडे बघत नाही, हाक मारली तर ओ देत नाही, भूक लागली तर सांगत नाही. पुस्तकाचा नाद असलेलं लेकरू तुम्हाला त्यात ओढतं. हे ओढत नाही. अशा लेकराला स्वमग्नता म्हणजे ऑटिझम असू शकतो. असेलच असं नाही, आणि असला तरी तो आईच्या चुकीने होत नाही, बाहेरच्या बाधेने तर नाहीच. पण तपासणी लवकर झाली तर मदत लवकर सुरू होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची तपासणी फुकट असते, आणि गरज पडली तर जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर निदानाच्या केंद्रात पाठवतात. पथक कधी येणार ते अंगणवाडी ताईंना विचारून ठेवा. माता-बाल कार्डावर वयाप्रमाणे काय यायला हवं ते चित्रांसह छापलेलं आहे. लसीच्या पानाबरोबर तेही पान उघडा.

शेवटचं तब्येतीचं. लेकरू पुस्तकच काय, कशाकडेच बघत नाही, मलूल पडून राहतं, तर रक्त कमी असेल. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्क्यांना रक्तक्षय होता. दर तीन मुलांत दोन. लोहाची बाटली आशाताईंकडून फुकट मिळते, आठवड्यातून दोनदा १ मिली. ती घरात बंद पडून राहू देऊ नका. आणि एवढ्याशा लेकराला बशीत चहा देऊ नका, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. डाळ, अंडं, पालेभाजी, आणि परवडेल त्या घरी मटण-कलेजी बारीक करून द्या.

विहारात एक खोकं

प्रत्येक घराला दहा पुस्तकं घेणं शक्य नाही. विहारात मात्र शक्य आहे. महिला मंडळाने भिशीतून किंवा जयंतीच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढले तर तीस-चाळीस पातळ पुस्तकं येतात. ती कपाटात कुलूप लावून ठेवू नका. विहाराच्या फरशीवर सतरंजी टाका, खोकं मध्ये ठेवा. रविवारी वंदनेनंतर अर्धा तास लहान लेकरांना त्यात सोडा, आया-आजी बाजूला बसतील. घरी न्यायला एका वेळी एकच पुस्तक, वहीत घराचं नाव. फाटून आलं तर दंड नको. दंड लावला की दुसऱ्या रविवारी ते घर येणार नाही. ज्या दिवशी वस्तीत लसीकरण असतं त्या दिवशी खोकं तिथे न्या. सुई टोचायच्या आधी मांडीवर पुस्तक असलं की लेकरू कमी रडतं, आणि रांगेतल्या दुसऱ्या आयाही बघतात.

पावसाळ्यात पत्र्याखाली पुस्तकं दमट होतात, बुरशी धरतात. बुरशीचं पुस्तक तोंडात जाऊ देऊ नका. ऊन पडलं की पानं उघडून अर्धा तास दोरीवर टाका, आत कडुनिंबाचा वाळला पाला ठेवा. डांबराच्या गोळ्या नकोत, लेकरू त्या गोळ्या-बिस्किटं समजून खातं. चिकटपट्टीचं पुस्तक ओल्या फडक्याने पुसून घ्या, आणि ज्या घरी जुलाब किंवा गोवर आहे तिथून आलेलं पुस्तक साबणाच्या पाण्याने पुसून, दोन दिवस उन्हात ठेवून मगच पुढच्या घरी द्या.